वादळाचा इशारा नेमक्या भागापुरता कसा द्यावा: चौकट आखण्यापासून ती मागे घेण्यापर्यंत

अख्ख्या जिल्ह्याला सावध करण्याऐवजी वादळाच्या वाटेत येणाऱ्या भागालाच इशारा द्यावा, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. गडबड होते ती प्रत्यक्ष आखताना. पडद्यावर रडारचा लाल डाग दिसतो, त्याभोवती घाईघाईने चार टोकांची चौकट ओढली जाते आणि संदेश सुटतो. तो फोनवर वाजेपर्यंत वादळ चौकटीच्या पुढच्या कडेला येऊन टेकलेलं असतं. ज्यांच्यावरून ते निघून गेलं त्यांना इशारा मिळतो. ज्यांच्यावर ते येणार आहे त्यांना मिळत नाही.

हा लेख तात्कालिक इशारे तयार करणाऱ्यांसाठी आणि नियंत्रण कक्षातून ते पुढे पाठवणाऱ्यांसाठी आहे. इथे फक्त अल्पकाळाचे धोके घेतले आहेत: गडगडाटी वादळ, गारपीट, सोसाट्याचा वारा आणि अचानक येणारा पूर. उष्णतेची लाट किंवा चक्रीवादळ यांचे इशारे मोठ्या प्रदेशासाठीच असतात. त्यांना ही पद्धत लावू नका.

१. आभाळ निरभ्र असताना करायची कामं

वादळ समोर असताना नकाशा शोधायला वेळ नसतो. पुढच्या गोष्टी आधीच तयार हव्यात.

नकाशावर वस्त्या, मुख्य रस्ते, नद्या आणि पाणलोट क्षेत्रांच्या सीमा हे थर लावून ठेवा. मैदानं, यात्रांच्या जागा, खाणी, धरणाखालचा नदीकाठ अशा उघड्यावर माणसं सापडणाऱ्या जागांचा थर वेगळा ठेवा. प्रत्येक टापूसाठी लोकांच्या तोंडी असलेली नावंही लिहून ठेवा, कारण नकाशावरचं नाव आणि लोक वापरतात ते नाव बरेचदा एक नसतं.

वाऱ्याचा वेग किती झाला की इशारा, गारेचा आकार केवढा झाला की इशारा, हे उंबरठे लेखी असू द्या. ते देशोदेशी वेगळे असतात. अमेरिकेत तीव्र गडगडाटी वादळासाठी ताशी सुमारे ९३ किलोमीटर वारा किंवा सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची गार हे निकष आहेत. तुमचे निकष काहीही असोत, ते पाळीगणिक बदलता कामा नयेत.

तिसरं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच राहून जातं. तुमचा इशारा ज्या ज्या माध्यमातून जातो त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे माध्यम चौकट वाचतं की फक्त जिल्ह्याचा संकेतांक? तुम्ही कितीही नेटकी चौकट आखा, पुढची यंत्रणा संकेतांकच वाचत असेल तर संपूर्ण जिल्हा वाजणार. हे वादळाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

*तपासणी:* सराव संदेश पाठवताना त्याचा दर्जा ‘एक्सरसाइज’ (सराव) किंवा ‘टेस्ट’ (चाचणी) आहे ना, हे दुसऱ्या माणसाने वाचून खात्री करावी. ‘ॲक्च्युअल’ (खरा) राहून गेलेला सराव संदेश खरा इशारा म्हणूनच लोकांपर्यंत जातो.

२. आधी धोका ठरवा, मग आकार

एकाच वादळात गारा, वारा, विजा आणि पाऊस असतात, पण त्यांची क्षेत्रं एकसारखी नसतात. गारा सहसा गाभ्याच्या, म्हणजे वादळाच्या सर्वांत जोरदार भागाच्या, पट्ट्यात पडतात. सोसाट्याचा वारा पावसाच्या काही किलोमीटर पुढे धावतो. वीज तर पाऊस नसलेल्या ठिकाणीही, ढगापासून दहाएक किलोमीटर दूर पडू शकते. अचानक पुराचं क्षेत्र जमीन ठरवते, त्यामुळे ते वादळाच्या दिशेशी जुळेलच असं नाही.

म्हणून चौकटीला हात लावण्याआधी एका ओळीत लिहा: कोणता धोका, कोणाला, किती वाजेपर्यंत. ही ओळ लिहिता येत नसेल तर आखायची वेळ अजून आलेली नाही.

वारा आणि पूर हे दोन्ही धोके असतील तर दोन वेगळे इशारे द्या. एकाच चौकटीत दोन्ही कोंबले की ती वाऱ्यासाठी फार मोठी आणि पुरासाठी चुकीच्या जागी होते. शिवाय वारा अर्ध्या तासात ओसरतो, पाणी तासन्‌तास उतरत नाही. दोघांना एकच मुदत देता येत नाही.

३. वादळ आत्ता कुठे आहे आणि कुठे निघालं आहे

पडद्यावरची प्रतिमा ‘आत्ताची’ नसते. रडारची एक पूर्ण फेरी व्हायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. त्यात तुमचा आखण्याचा आणि पाठवण्याचा वेळ मिळवा. ताशी ४० किलोमीटरने सरकणारं वादळ आठ मिनिटांत पाच किलोमीटरहून जास्त पुढे जातं. प्रतिमेवरची वेळ वाचा आणि तेवढं अंतर मनात धरूनच पुढचं काम करा.

दुसरी मर्यादा उंचीची. रडारचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाने वर उचललेला असतो, आणि पृथ्वीची वक्रता त्यात भर घालते. १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंचावर असतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरच्या आसपास. झोताची रुंदीही अंतरासोबत वाढते: एक अंशाचा झोत १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद झालेला असतो. लांबच्या वादळाखाली जमिनीजवळ काय चाललं आहे ते रडारला दिसतच नाही. अशा ठिकाणी बारीक चौकट आखणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. तिथे चौकट रुंद ठेवा.

उपग्रहाची प्रतिमा वापरत असाल तर आणखी एक खोट लक्षात घ्या. भूस्थिर उपग्रह तिरपा पाहतो, त्यामुळे उंच ढगाचा माथा त्याच्या खऱ्या जागेपासून सरकलेला दिसतो. हा सरक उपग्रहाच्या थेट खालच्या बिंदूपासून दूर जाणाऱ्या दिशेला असतो. ढग जितका उंच आणि ठिकाण त्या बिंदूपासून जितकं लांब, तितकी चूक मोठी. दुरुस्ती न केलेल्या प्रतिमेवरून थेट चौकट काढू नका.

गती काढण्यासाठी दोन नव्हे, किमान तीन-चार सलग प्रतिमांवर एकच खूण मागे नेत तपासा. गाभा पकडा, पावसाची कड पकडू नका. कड पसरते, आक्रसते आणि फसवते. दोन गोष्टी खास पाहा. वादळाच्या एका अंगाला नव्या पेशी, म्हणजे वादळी ढगाचे सुटे घटक, सतत जन्मत असतील तर संपूर्ण समूह कोणत्याच एका पेशीच्या दिशेने जात नाही. आणि फिरतं, दीर्घायुषी वादळ आजूबाजूच्या वादळांची वाट सोडून वळू शकतं. उत्तर गोलार्धात ते बहुधा उजवीकडे वळतं.

*इशारा:* काही आज्ञावली वादळ ‘कुठून’ येतं तो कोन मागतात, काही ‘कुठे’ जातं तो. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या वादळाला पहिल्या पद्धतीत २२५ अंश लिहायचे, दुसऱ्या पद्धतीत ४५. उलट लिहिलं तर चौकट वादळाच्या मागे, मोकळ्या झालेल्या आभाळाखाली पडते. ही चूक वेगाने काम करणारे अनुभवी लोकही करतात. बाण काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. चौकट आखणं

आता मुख्य काम. एक उदाहरण धरून चालू. गाभा सुमारे १० किलोमीटर लांब-रुंद, वेग ताशी ४० किलोमीटर, इशाऱ्याची मुदत ४५ मिनिटं. एवढ्या वेळात वादळ ३० किलोमीटर पुढे जाईल.

मागची कड: गाभ्याच्या मागे दोन-तीन किलोमीटर सोडून ओढा. गाभ्यावरूनच ओढली तर ज्यांच्या डोक्यावर आत्ता गारा पडत आहेत ते लोक चौकटीबाहेर राहतात. दहा किलोमीटर मागे ओढली तर वादळ सरून गेलेल्या लोकांना विनाकारण धावपळ होते.

बाजूच्या कडा: सुरुवातीला गाभ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच किलोमीटर जागा सोडा, म्हणजे रुंदी १५ किलोमीटर. पुढे जाताना चौकट रुंदावत न्या. दिशेच्या अंदाजात दहा अंशांची चूक सहज होते, आणि ३० किलोमीटरवर दहा अंश म्हणजे पाच किलोमीटरहून थोडं जास्त. दोन्ही बाजूंना तेवढं वाढवलं की पुढच्या टोकाची रुंदी २५ किलोमीटर होते. चौकट सुपासारखी होते: मागे अरुंद, पुढे पसरट. वादळाची दिशा स्थिर असेल तर पसारा कमी करा, ते डगमगत असेल तर वाढवा.

पुढची कड: मुदतीच्या शेवटी गाभ्याची पुढची बाजू जिथे पोचेल तिथे. वाऱ्याचा झोत पावसाच्या पुढे निघालेला दिसत असेल तर कड त्या झोतावरून मोजा.

हिशेब करून पाहा. मागचे ३, गाभ्याचे १० आणि प्रवासाचे ३० मिळून ४३ किलोमीटर लांबी, सरासरी रुंदी २० किलोमीटर, म्हणजे ८६० चौरस किलोमीटर. पाच हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याचा हा जेमतेम सहावा हिस्सा. हीच लांबी झाकायला वर्तुळ काढलं असतं तर दीड हजार चौरस किलोमीटर लागले असते आणि त्यातला बराच भाग वाटेबाहेरचा असता. वर्तुळ सोपं वाटतं म्हणून वापरलं जातं. सरकत्या वादळासाठी ते चुकीचं आहे. जागच्या जागी बसलेल्या, जवळपास न हलणाऱ्या वादळाला ते चालेल.

अचानक पुराची चौकट मात्र या सुपाच्या आकारात बसवू नका. तिथे पाणलोट क्षेत्राची सीमा घ्या आणि पाणी जिकडे वाहणार त्या खालच्या वस्त्या आत घ्या, त्यांच्यावर पावसाचा थेंबही पडला नसला तरी. डोंगरातला पाऊस थांबल्यावर खालचा ओढा चढतो.

टोकं किती असावीत? सात-आठ पुरतात. वीस-पंचवीस टोकांची, प्रत्येक वाडीला वळसा घालणारी चौकट दिसायला कुशल वाटते, पण तिच्या बारकाव्यामागे माहिती नसते. आणि प्रत्येक टोक ओढण्यात जाणारे सेकंद इशाऱ्याच्या आगाऊ वेळेतून वजा होतात.

*तपासणी:* चौकट तयार झाली की वादळ मुदतभर पुढे चालवून बघा. कोणत्याही क्षणी गाभा बाहेर पडतो का? पडत असेल तर पाठवू नका.

५. हद्दी आणि कोपरे

वादळाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पण संदेश पोचवणाऱ्या यंत्रणांना कळते. चौकटीचा एखादा कोपरा शेजारच्या जिल्ह्यात दोन-तीन किलोमीटर घुसला तर संकेतांकावर चालणारी माध्यमं तो संपूर्ण जिल्हा जागा करतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यापाशी ठरवा: तिथे खरंच धोका आहे का? असेल तर कोपरा नीट आत घ्या आणि शेजारच्या कार्यालयाला फोन करा. नसेल तर कड हद्दीपर्यंत मागे घ्या.

शहराचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर ठेवणंही टाळा. आपलं घर रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे कोणालाच कळत नाही. अनिश्चितता आहे म्हणूनच रेषा तिथे आली आहे. अशा वेळी शहर पूर्ण आत घ्या.

दोन कार्यालयांच्या चौकटींमध्ये हद्दीवर पट्टी मोकळी राहणं ही जुनी तक्रार आहे. दोन्हीकडच्या चौकटी एकाच नकाशावर टाकून पाहिल्या तर ती लगेच दिसते.

६. मजकूर

फोनवर नकाशा दिसेलच असं नाही. म्हणून शब्दांनी ते काम करायला हवं. मजकुरात क्रम असा ठेवा: काय येतंय, कुठे, किती वाजेपर्यंत, काय करायचं.

‘कुठे’ सांगताना साठ गावांची यादी देऊ नका. कोणी वाचत नाही. लोकांना माहीत असलेली नदी, महामार्ग किंवा मोठं गाव धरून सांगा: नदीच्या उत्तरेकडचा भाग, अमुक गाव ते तमुक गाव हा पट्टा. नुसतं ‘पुढील ४५ मिनिटांत’ असं कधीच लिहू नका. संदेश पुढे पाठवला जातो, तासाभराने वाचला जातो आणि त्या वाचणाऱ्यासाठी ४५ मिनिटं नव्याने सुरू होतात. घड्याळाची वेळ लिहा: संध्याकाळी ५:४० पर्यंत.

कृती एकच आणि ठोस असावी. ‘सतर्क राहा’ ही कृती नव्हे. ‘पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली थांबू नका’ ही आहे.

७. सीएपी फाइल भरताना

इशारे एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत पाठवायला जगभर कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, म्हणजे सीएपी, वापरतात. चालू आवृत्ती १.२. चांगली आखलेली चौकट इथे बिघडते, आणि बिघडली तरी आज्ञावली तक्रार करतेच असं नाही.

अक्षांश आधी, रेखांश नंतर. सीएपीमध्ये प्रत्येक टोक ‘अक्षांश,रेखांश’ असं लिहितात. नकाशाच्या बऱ्याच आज्ञावली वापरतात त्या जिओजेसन या फाइल-पद्धतीत नेमकं उलटं असतं. २० अक्षांश, ७५ रेखांशावरची चौकट उलटी भरली तर ती उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाते, आणि दोन्ही आकडे ९० च्या आत असल्याने यंत्र ती निमूटपणे स्वीकारतं.

चौकट बंद करा. पहिलं आणि शेवटचं टोक एकच असावं, म्हणजे त्रिकोणालाही किमान चार जोड्या लागतात. दशांश चिन्हापुढे दोन-तीन अंक पुरेत. अक्षांशाच्या एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे १.१ किलोमीटर, सहा अंक लिहिल्याने वादळ जास्त अचूक होत नाही.

बेरीज होते, छेद होत नाही. ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकाच क्षेत्राच्या नोंदीत चौकट आणि जिल्ह्याचा संकेतांक दोन्ही दिले तर अनेकांना वाटतं, ‘या जिल्ह्यातली ही चौकट’ असा अर्थ होईल. मानकानुसार अर्थ होतो ‘ही चौकट आणि हा संपूर्ण जिल्हा’. संकेतांक द्यावाच लागत असेल तर सर्वांत लहान घटकाचा द्या.

वेळेत स्थानिक फरक लिहा. वेळेपुढे ‘+०५:३०’ सारखा फरक हवाच. जागतिक वेळ द्यायची असेल तर सीएपीमध्ये शेवटी ‘झेड’ अक्षर चालत नाही, ‘-००:००’ लिहावं लागतं. हा फरक गाळला की मुदत काही तासांनी सरकते, आणि इशारा सुटण्याआधीच संपलेला असू शकतो.

*तपासणी:* भरलेली फाइल परत नकाशावर उघडून पाहा. आखलेली चौकट नव्हे, फाइलमधून वाचलेली चौकट. दहा सेकंदांचं काम आहे आणि वरच्या बहुतेक चुका त्यात पकडल्या जातात.

८. फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा

सेल ब्रॉडकास्टमध्ये मोबाइल मनोऱ्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश जातो. नंबरांची यादी लागत नाही आणि जाळं गजबजलेलं असलं तरी तो अडत नाही. एसएमएसचं तसं नाही, तो एकेका नंबरला जातो. तात्कालिक इशाऱ्यासाठी ब्रॉडकास्टच हवा.

पण मनोऱ्याचा टप्पा तुमच्या चौकटीच्या रेषेवर थांबत नाही. विरळ वस्तीत तो अनेक किलोमीटर पसरलेला असतो. निवडताना ‘चौकटीच्या आत उभे असलेले मनोरे’ असा निकष लावला तर कडेच्या ज्या लोकांना बाहेरच्या मनोऱ्याची रेंज मिळते ते वंचित राहतात. निकष असा हवा: ज्या मनोऱ्यांचा टप्पा चौकटीला स्पर्श करतो ते सगळे. थोडा बाहेर सांडलेला इशारा चालेल, आतला चुकलेला चालणार नाही.

हे सांडणं कमी करण्याचा उपाय म्हणजे फोनलाच चौकट पाठवणं. फोन स्वतःची जागा ताडून पाहतो आणि बाहेर असेल तर वाजत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून मोबाइल कंपन्यांना, जे फोन हे करू शकतात त्यांच्यासाठी, चौकटीबाहेर एक दशांश मैलाची, म्हणजे साधारण १६० मीटरची मर्यादा आहे. जुने फोन आणि लोकेशनची सोय बंद ठेवलेले फोन मात्र मनोऱ्याच्या हिशेबानेच वाजतात. त्यामुळे ‘आम्हाला इशारा आला पण वादळ आलं नाही’ असे फोन येणारच. त्यावरून चौकट चुकली असं लगेच ठरवू नका.

९. कापणं, वाढवणं, मागे घेणं

चौकट पाठवून झाली की काम संपलं असं समजणं, हे आखण्यातल्या चुकीइतकंच वाईट. दर नव्या रडार फेरीला वादळ चौकटीत कुठे आहे ते पाहा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी निर्णय घ्या.

वादळ पुढे सरकलं की मागचा मोकळा झालेला भाग कापा. चौकट लहान करायला संकोच करू नका. नेमकेपणाचा खरा फायदा इथेच मिळतो. उलट, वादळ वळून बाहेर निघालं तर चालू चौकट ताणून मोठी करू नका. नव्या भागासाठी नवा इशारा द्या. नव्याने आत आलेल्या लोकांसाठी तो पहिलाच इशारा आहे. ‘सुधारणा’ म्हणून गेलेला संदेश काही माध्यमं गाजावाजा न करता पुढे पाठवतात.

जुन्याची मुदत संपण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी नवा इशारा बाहेर पडलेला असावा. मध्ये खंड पडला की लोक धोका टळला असं समजून बाहेर येतात.

सुधारणेचा किंवा रद्द करण्याचा संदेश पाठवताना मूळ संदेशाचा पाठवणारा, ओळख क्रमांक आणि पाठवल्याची वेळ हे तिन्ही जसेच्या तसे संदर्भात द्या. एक अक्षर चुकलं तर पुढच्या यंत्रणेला जोडी सापडत नाही आणि रद्द केलेला इशारा तिथे मुदत संपेपर्यंत जिवंत राहतो.

*इशारा:* वाऱ्याचा इशारा रद्द करताना पुराचा इशारा चुकून सोबत रद्द होत नाही ना, ते पाहा. वेगळे ओळख क्रमांक द्यायचे ते यासाठीच.

१०. दुसऱ्या दिवशी

पाठवलेली फाइल, त्या क्षणाची रडार प्रतिमा आणि नंतर आलेल्या नुकसानीच्या नोंदी एकाच नकाशावर टाका. प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारा: ती चौकटीच्या आत होती का, आणि इशारा तिच्या किती मिनिटं आधी निघाला. जागा बरोबर पण वेळ उलटून गेलेली असेल तर ती चूकच धरा.

एका कोपऱ्यात एक झाड पडलं म्हणून संपूर्ण चौकट बरोबर ठरवायची सवय मोडा. उरलेल्या भागात काय झालं तेही नोंदवा. मात्र नोंद नाही म्हणजे काही घडलं नाही असं नसतं. विरळ वस्तीतून नोंदी कमीच येतात, म्हणून तिथे फोन करून विचारा. बऱ्याच चौकटींच्या नोंदी जमल्या की कल दिसतो: तुमच्या चौकटी सतत डावीकडे चुकतात, की मागची कड नेहमीच फार लांब राहते. तो कल पाळीच्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वादळाला आखणारा माणूस वेगळा असला तरी त्याला तो माहीत असेल.